बीएस्सी भाग १ चं बीजगणित : आधी शाळेची उजळणी की पहिल्या तासापासून सिद्धता?

विश्रामबाग_फळा
सांगली-मिरजेच्या कॉलेजांत नवी बॅच बसली की हा प्रश्न निघतोच, म्हणून इथे सविस्तर मांडतो. पहिल्या सत्राच्या बीजगणितात सुरुवातीचे आठ तास शाळेचं बीजगणित पक्कं करण्यासाठी द्यावेत आणि विभाज्यता, कॉन्ग्रुअन्स (बाकीवरून संख्यांची तुलना), समीकरणांची मुळं हे सगळं त्यानंतर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण उत्तरपत्रिकेत दिसतं. (एक्सच्या जागी इथे क्ष लिहितोय.) (क्ष + ५)/क्ष दिसलं की वरचा-खालचा क्ष उडवून उत्तर ५. क्ष² = ५क्ष दिलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५, आणि शून्य हे मूळ गायब. −३क्ष < १२ मध्ये ऋण संख्येने भागलं तरी चिन्ह तसंच, म्हणजे क्ष < −४, जिथे खरं उत्तर क्ष > −४ आहे. संश्लेषक भागाकार (नुसते सहगुणक मांडून बहुपदी भागायची रीत) मुलं नववीत शिकून आलेली असतात, तरी क्ष³ − ७क्ष + ६ चे सहगुणक १, −७, ६ असे तीनच मांडतात. क्ष² च्या जागी ० लिहायचा राहतो आणि पुढची अख्खी ओळ चुकते.

अवयवांचं तेच. ६क्ष² − ७क्ष − २० घ्या. पहिला आणि शेवटचा सहगुणक गुणला की −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज −७ येणारी जोडी म्हणजे −१५ आणि ८. मग ६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २०, त्यातून ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५), म्हणजे (३क्ष + ४)(२क्ष − ५). याला दोन मिनिटं पुरतात. मात्र ६ आणि २० चे अवयव अंदाजाने जोडत बसलं तर पंधरा मिनिटं जातात आणि मूल गांगरून जातं. दोन तास अपूर्णांक आणि घातांक, तीन तास अवयव आणि भागाकार, दोन तास समीकरणं, एक तास असमानता. एवढं आधी झालं पाहिजे.

कृष्णाकाठ
चुका तुम्ही अचूक टिपल्यात, औषध मात्र चुकीचं सांगताय. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर म्हणजे ३० तास. त्यातले आठ उजळणीत गेले तर चारातलं एक घटक-प्रकरण बुडालं. सत्राच्या शेवटी ते तीन तासांत गुंडाळलं जातं, आणि परीक्षेत प्रश्न येतोच.

त्याहून मोठी अडचण म्हणजे हीच उजळणी आठवी, नववी, दहावी आणि अकरावीत होऊन गेलेली आहे. चार वेळा सांगून जे बसलं नाही ते पाचव्यांदा त्याच पद्धतीने का बसेल? मुलांना नियम सांगितले गेले, तो नियम कधी लागू होतो हे सांगितलंच गेलं नाही. क्ष उडवता येतो तो क्ष शून्य नसेल तरच, ही अट नियमाबरोबर कुणी शिकवत नाही.

तीच अट कॉन्ग्रुअन्समध्ये पहिल्याच आठवड्यात ढळढळीत दिसते. मॉड ६ मध्ये, म्हणजे ६ ने भागल्यावरची बाकीच बघायची तर, ८ ≡ २, म्हणजे २ × ४ ≡ २ × १. आता दोन्हीकडचा २ उडवून बघा. ४ ≡ १ (मॉड ६) मिळतं आणि ते साफ खोटं आहे, कारण ४ − १ = ३ आणि ३ ला ६ ने भाग जात नाही. का बिघडलं? २ आणि ६ चा मसावि १ नाही म्हणून. मॉड ७ घेतलं तर २ उडवायला काही हरकत नाही. एवढं एकदा फळ्यावर मांडलं की मूल स्वतःच विचारतं, 'मग क्ष = ० असताना काय होतं?' या एका तासात होतं ते उजळणीच्या तीन तासांत होत नाही.

दुसरं उदाहरण. √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ०, म्हणून क्ष = ९ किंवा २. ९ घातलं की दोन्हीकडे ४, बरोबर. २ घातलं की डावीकडे ३ आणि उजवीकडे −३. म्हणजे २ हे उत्तरच नाही. शाळेत 'ताळा करा' एवढंच सांगतात. ताळा का करायचा? कारण अ = ब वरून अ² = ब² निघतं, पण अ² = ब² वरून अ = ब निघेलच असं नाही. वाट एकेरी आहे. सिद्धता शिकवायची म्हणजे हेच शिकवायचं, आणि त्यासाठी आठ तास थांबायची गरज नाही.

विश्रामबाग_फळा
मॉड ६ चं उदाहरण सुंदर आहे, मी ते घेणार. तरी मुलं अडतात कुठे ते जवळून बघा. गणिती विगमन घेऊ. १² + २² + … + न² = न(न + १)(२न + १)/६. पायरी सगळ्यांना पाठ असते : न साठी खरं माना, न + १ साठी दाखवा. मग न(न + १)(२न + १)/६ + (न + १)² इथपर्यंत बहुतेक सगळे येतात. इथे (न + १)/६ बाहेर काढायचं की कंसात २न² + ७न + ६ उरतं, त्याचे अवयव (न + २)(२न + ३), आणि काम झालं. मुलं करतात काय? सगळे कंस सोडवून (२न³ + ९न² + १३न + ६)/६ करून बसतात आणि पुढे हलत नाहीत. मग 'हेन्स प्रूव्हड' लिहून मोकळे.

इथे तर्क चुकलेला नाही. सामाईक अवयव बाहेर काढायची सवय हाताला नाही, एवढंच. 'का' समजावून ती सवय लागत नाही, त्यासाठी गणितं घासावीच लागतात. म्हणून मी आठ तास मागतोय.

तासगाव_वेस
दोघांचंही पटतं, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची तिसरीच अडचण दोघांच्या नजरेतून सुटली आहे. विभाज्यतेच्या पहिल्याच व्याख्येत तो अडखळतो. '३ डिव्हाइड्स १२' असं इंग्रजीत म्हणतात आणि लिहितात ३ | १२. मराठीत आपण म्हणतो '१२ ला ३ ने भाग जातो'. आकड्यांचा क्रम उलटा झाला की नाही? त्यात ती उभी रेघ त्याला तिरकी वाटते आणि तो ३ | १२ म्हणजे ३/१२, म्हणजे पाव, असं वाचतो. ३ | १२ हे विधान आहे, खरं किंवा खोटं असतं. ३/१२ ही संख्या आहे. हा फरक पहिल्या दिवशी पाच मिनिटं देऊन सांगितला नाही तर पुढच्या सगळ्या सिद्धता डोक्यावरून जातात.

शब्दांचंही तसंच. शाळेत बहुपदीची 'कोटी' होती, इथे 'डिग्री'. 'विवेचक' चं 'डिस्क्रिमिनंट' झालं, 'अवयव' चं 'फॅक्टर'. 'रूट' म्हटलं की कुणाला समीकरणाचं मूळ आठवतं, कुणाला वर्गमूळ. 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणजे दोन्ही दिशांनी दाखवायचं, हे न कळल्याने अर्धीच सिद्धता लिहून निम्मे गुण जातात.

यावर साधा उपाय आहे. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखायचे : मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, एक छोटं उदाहरण. रोज चार शब्द. पंधरा दिवसांत पन्नास-साठ शब्द होतात आणि या पेपरला तेवढे पुरतात. त्यासाठी आठ तास नकोत.

माणदेश_एसटी
कुणासाठी बोलतोय ते आधी ठरवा. बारावी सायन्सला गणित घेतलेल्या मुलाने तर्कशास्त्र, सारणी (मॅट्रिक्स), विगमन हे सगळं एकदा केलेलं असतं. त्याला आठ तास उजळणी म्हणजे कंटाळा, आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. कॉमर्स किंवा आर्ट्समधून बीसीएला आलेल्या मुलाने मात्र दहावीनंतर गणित सोडलेलंही असू शकतं. दोन वर्षं त्याने अवयव पाडलेले नसतात. त्याच्यासाठी फळासाहेबांचं बरोबर, पहिल्यासाठी कृष्णाकाठ यांचं.

आणि कॉलेज सुटल्यावर जादा वर्ग घेऊ, असं कुणी सुचवू नका. जत, आटपाडी, शिराळ्याकडची जी मुलं पासावर रोज एसटीने ये-जा करतात ती चारनंतर थांबत नाहीत. जादा तासाला सांगलीत राहणारी मुलंच येतात आणि ज्यांना गरज असते ती नेमकी स्टँडवर असतात. जे करायचं ते वेळापत्रकातच बसवा.

माझी सूचना : पहिल्या दिवशी १० प्रश्नांची ४० मिनिटांची चाचणी घ्या. दोन अपूर्णांकांवर, दोन घातांकांवर, तीन अवयवांवर, दोन समीकरणांवर आणि एक असमानतेवर. क्ष² = ५क्ष त्यात हवाच. पर्याय देऊ नका, पायऱ्या लिहून घ्या, नाहीतर चूक कुठे झाली ते कळणार नाही. ज्या प्रश्नात निम्म्याहून जास्त वर्ग चुकला तेवढ्याचीच उजळणी वर्गात करा.

कृष्णाकाठ
चाचणी मान्य. फळासाहेब, विगमनाचा तुमचा मुद्दाही मान्य, सवय लागते ती घासूनच. फक्त घासायला दहावीचीच गणितं कशाला? युक्लिडची मसावि काढायची रीत घ्या. २५२ आणि १०५ : २५२ = २ × १०५ + ४२, १०५ = २ × ४२ + २१, ४२ = २ × २१. मसावि २१. आता उलटं चढायचं : २१ = १०५ − २ × ४२ = १०५ − २(२५२ − २ × १०५) = ५ × १०५ − २ × २५२. या शेवटच्या ओळीत कंस सोडवणं, ऋण चिन्ह सांभाळणं, सामाईक काढणं सगळं येतं. कंसाबाहेरच्या वजाने आतलं वजा अधिक होतं, तिथेच निम्मी मुलं ५ ऐवजी −३ लिहितात. ताळा लगेच करता येतो : ५२५ − ५०४ = २१. उजळणी झाली आणि अभ्यासक्रमही पुढे सरकला.

त्यातून प्रश्न आपल्या भागातला करता येतो. समजा बेदाण्याचे खोके १५ किलोचे आणि ६ किलोचे आहेत. बरोबर १०० किलो माल पूर्ण खोक्यांत बसेल का? मसावि ३, आणि १०० ला ३ ने भाग जात नाही, म्हणून कसंही भरलं तरी बसणार नाही. १०२ किलो बसतो : १५ चे २ आणि ६ चे १२, किंवा ४ आणि ७, किंवा ६ आणि २. नुसते ६ चे १७ घेतले तरी चालतं. 'कधीच नाही' हे सगळे पर्याय न तपासता ठामपणे सांगता येतं, आणि सिद्धतेची ताकद मुलांना तिथे दिसते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ग्रंथांत 'कुट्टक' आहे तो याच जातीच्या, पूर्णांकांतली उत्तरं शोधायच्या समीकरणांसाठी. वर्गात तेही सांगावं, मुलं कान टवकारतात.

विश्रामबाग_फळा
बेदाण्याचं गणित पटलं. आठ तासांची मागणी मी तीनवर आणतो : चाचणी, तिच्यावरचा एक तास आणि अवयवांचा एक तास. बाकी उजळणी युक्लिडच्या पोटात बसवू. पण अपूर्णांक आणि असमानता तिथे येत नाहीत, हे लक्षात घ्या. युक्लिडमध्ये सगळा कारभार पूर्णांकांचा. (क्ष + ५)/क्ष वाला मुलगा त्या वाटेवर कुठेच सापडत नाही, तो थेट आंशिक अपूर्णांकांना (मोठा अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडताना) पकडला जातो, तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि चाचणीला अंतर्गत गुणांतले पाच तरी ठेवा. नाहीतर निम्मा वर्ग कोरा कागद देईल आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

तासगाव_वेस
गुणांना माझा विरोध आहे. गुण लावले की मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात, मग चूक झाकली जाते. कागदावर नाव न घालता फक्त 'बारावीला गणित होतं / नव्हतं' एवढं लिहून घ्या. प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापा. एकाच प्रश्नाचं मराठीतलं उत्तर बरोबर आणि इंग्रजीतलं कोरं आलं, तर दुखणं बीजगणिताचं नाही हे लगेच कळेल.

माणदेश_एसटी
नाव नसेल तर कुणाला कुठल्या गटात बसवायचं ते कसं ठरणार? नाव असू दे, गुण नकोत. तपासलेला कागद दुसऱ्याच दिवशी परत द्या, चुकलेल्या पायरीला लाल गोल करून. आठवड्याने दिला तर मुलगा तो उघडूनही बघत नाही.