कवळी कडुनिंबाच्या काढ्यात ठेवावी का?

प्रश्न: आईची ॲक्रिलिकची कवळी आहे, तारा नाहीत. रात्री पाल्याच्या काढ्यात बुडवली तर जंतू मरतील का?

प्रतिसाद १: काढा कॅन्डिडा बुरशीला काहीसा रोखतो, पण चिकट थर सुटत नाही. तो थर आधी मऊ ब्रश आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने घासूनच घालवा. टूथपेस्ट नको, चरे पडतात, त्यांतच बुरशी रुजते.

प्रतिसाद २: काढा रोज ताजा, गाळलेला आणि पूर्ण गार हवा. गरम द्रवात ॲक्रिलिक वाकतं, मग कवळी हिरडीवर बसत नाही. वीस मिनिटं पुरे, नंतर धुऊन रात्रभर साध्या पाण्यात. त्रिफळ्याने डाग पडतात. लवंग तेल थेट लावू नका, त्यातलं युजेनॉल हे मुख्य द्रव्य ॲक्रिलिकला मऊ करतं.

प्रतिसाद ३: टाळू लाल असेल तर काढ्यावर विसंबू नका, दंतवैद्यांना दाखवाच.