लेकीला मुंडण करायचंय, घरात अबोला. काय करू?

एडिसनची_मीनल
लेक सातवीत आहे. मार्चमध्ये तिच्या शाळेत सेंट बाल्ड्रिक्स या संस्थेचा कार्यक्रम आहे. ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या मागायच्या आणि सगळ्यांदेखत डोकं भादरून घ्यायचं. पैसे लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला जातात. वर्गातल्या एका मुलाची केमो चालू आहे, त्याच्यासाठी म्हणून हिने ठरवलंय. केस कमरेपर्यंत! नवरा म्हणतो, "वाढतील परत." सासूबाई साताऱ्याहून आल्यात, "मुलीचं डोकं?" एवढंच म्हणाल्या आणि कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. मलाही एक कळत नाही, सरळ चेक का नाही लिहायचा?

जर्सीचा_बाबा
चेक लिहाच. पण नुसतं मागितलं तर शेजारी हसून टाळतो, सातवीतली मुलगी डोकं भादरतेय म्हटल्यावर खिशात हात घालतो. हे सुरू झालं तेही असंच. 17 मार्च 2000, मॅनहॅटनमधला पब, रीइन्शुरन्समधली (विमा कंपन्यांचा विमा उतरवणारी) मंडळी. 17 डोकी आणि 17,000 डॉलर एवढाच बेत होता, जमले एक लाखाच्या वर. सेंट पॅट्रिकचा दिवस आणि 'बाल्ड' म्हणजे टकलू, दोन्ही जोडून हे नाव. कुठल्या संताच्या नावावरून वगैरे नाही.

मोठ्यांच्या मानाने मुलांचे कॅन्सर कमी, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात फारसा नफा दिसत नाही. म्हणून असा पैसा लागतो. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या डिनुटुक्सिमॅब या औषधाला 2015 मध्ये मान्यता मिळाली, त्यामागच्या संशोधनाला सेंट बाल्ड्रिक्सचीही मदत होती.

आता माझं. मुलाला ल्युकेमिया होता, उपचार दोन वर्षांहून जास्त चालले. केस गळले तेव्हा त्याचे दोन चुलतभाऊ त्याला न सांगता तुळतुळीत डोक्यांनी दारात उभे राहिले. आम्ही सगळे रडलो. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रात्री म्हणाला, "त्यांनी काढले. माझे गेले." तेव्हा मीनलताई, त्या मुलाला आधी विचारा. त्याच्या आईला नव्हे, त्याला.

कोथरूडची_आजी
अगं मीनल, सासूबाईंना मागासलेल्या म्हणू नकोस. आमच्या वाड्यात माझी एक विधवा चुलतआजी होती, लाल आलवणातली. दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. तिला कुणी विचारलं नव्हतं. बाईचं डोकं म्हटलं की आमच्या पिढीला ते दिसतं. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला होता, हे सासूबाईंना सांग. मग तुझ्या लेकीला त्यांच्याशी बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. आणि हो, जावळ मुलींचंही काढतातच की!

कात्रीवाली_सोनल
सलूनमध्ये काम करते म्हणून सांगते. केस दान करायचे असतील तर आधी धुऊन पूर्ण वाळवा, चार-पाच शेपट्या बांधा, रबराच्या वरून कापा, मग मशीन. ओले केस पाकिटात कुजतात. वस्तरा नको म्हणा. नंतर उन्हात टोपी, डोक्याला सनस्क्रीन.

एडिसनची_मीनल
बाबा, बरं झालं सांगितलंत. लेकीने त्याला विचारलं. तो म्हणाला, कर, पण माझं नाव कुठे लिहू नकोस. तिने देणगीच्या पानावर त्याच्याविषयी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, तो काढलाय. सासूबाई लेकीशी बोलल्या, माझ्याशी अजून नाही. ऑफिस देणगीत तेवढीच भर घालतं का, ते उद्या एचआरला विचारते.