खाणी वाढत आहेत, वीजसंचही वाढत आहेत. मग कायम नोकऱ्या वाढतील का?

वणीकर: आमची दीड एकर जमीन खुल्या कोळसा खाणीच्या विस्तारात जात असून मुलाने नुकतीच खाणकामाची पदविका पूर्ण केली आहे. उत्पादन वाढणार, नवे वीजसंच येणार, तेव्हा भरती होणारच, असे गावात सर्वजण धरून चालले आहेत. हे कितपत खरे मानावे?

निवृत्त ओव्हरमन: उत्पादनावरून नोकऱ्यांचा अंदाज बांधू नये. कोल इंडियाचे उत्पादन 1975 मध्ये स्थापनेच्या वेळी सुमारे 79 दशलक्ष टन होते. 2023-24 मध्ये ते 773 दशलक्ष टनांवर गेले. मनुष्यबळ मात्र एकेकाळच्या सहा लाखांहून अधिकवरून सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले, कारण भूमिगत खाणीत माणसे लागत, खुल्या खाणीत शॉवेल आणि डंपर लागतात, आणि कोळशावरील माती, म्हणजे ओबी, काढण्याचे काम बहुतांशी ठेकेदारांकडे गेले आहे. माझ्या काळी पहिल्या पाळीला लॅम्प रूमसमोर दिव्यांसाठी रांग लागे. आता त्या वेळी फाटकावर ठेकेदारांचे टिप्परच उभे दिसतात.

संच-पाळी: वीजकेंद्रांतही तेच. कोराडीतील 660 मेगावॉटचा एक संच जुन्या 210 मेगावॉटच्या तीन संचांहून अधिक वीज देतो, पण त्याला माणसे तिप्पट लागत नाहीत. कोळसा हाताळणी आणि राखेची कामे ठेक्यावर असतात, आणि उभारणीच्या काळात दिसणारी गर्दी संच सुरू होताच ओसरते.

सातबारा: तरीही तुमच्या घरापुरता मार्ग आहे. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असून, त्याहून कमी जमीन असलेल्यांना आपली जमीन एकत्र करून एकाचे नाव सुचवता येते. सुरुवात बहुधा कॅटेगरी-१ मजूर, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतील कामगार, म्हणूनच होईल. पदविकाधारकाला ते रुचणार नाही, पण आत राहून ओव्हरमनचे, म्हणजे खाणीतील पाळीच्या पर्यवेक्षकाचे, प्रमाणपत्र मिळवता येते. ठेकेदाराकडे जायचेच झाल्यास हायपॉवर कमिटीचे दर (कोळसा खाणीतील ठेका कामगारांसाठी ठरलेले वेतनदर) आणि भविष्य निर्वाह निधीची कपात वेतनचिठ्ठीवर तपासावी. माझ्या मेव्हण्याच्या खात्यात पूर्ण पगार जमा होई आणि त्यातील काही रक्कम मुकादम दर महिन्याला रोख परत नेई.

वणीकर: आभारी आहे. शेजारीच चुलतभावाची पाऊण एकर आहे, त्यामुळे बेरीज जमते; परंतु त्याचाही मुलगा बारावी होऊन घरीच बसला आहे.