दुपारच्या रिपोर्टवर इंजेक्शन नको

वर ज्यांनी अमळनेरहून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) २६० आल्याचं लिहिलंय आणि जिममधल्या कोणी त्याचंच इंजेक्शन सुचवलंय, त्यांनी थोडं थांबा भाऊ. रक्त दुपारी चारला, तेही भरीत-पुरी खाऊन दिलेलं! हे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरतं, आणि जेवणानंतर आणखी खाली जातं. नमुना सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी द्या. तापात किंवा जागरणानंतर नकोच. जिनिंगमध्ये रात्रपाळी असेल तर नीट झोप झाल्यावर, उठल्या उठल्या.

दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि लक्षणंही असली, तरच पुढे एलएच, एफएसएच (मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीची, वृषणांना काम सांगणारी संप्रेरकं) आणि प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचं आणखी एक संप्रेरक) तपासायचं. एलएच वाढलेला असेल तर बिघाड वृषणात. कमी किंवा चक्क नॉर्मल असेल तर मेंदूकडून येणारा हुकूमच कमी पडतोय. पोट सुटलेलं असेल तर एसएचबीजी हे वाहक प्रथिन घटतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. मुक्त (प्रथिनाला न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं.

आता इंजेक्शनचं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्यूटरी एलएच-एफएसएच बंद करते आणि वृषणातली शुक्राणूनिर्मिती कोलमडते. मूल हवं असणाऱ्याला ते देतच नाहीत. सोडल्यावर सावरायला कित्येक महिने लागतात. शिवाय रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेलं की डोस थांबवावा लागतो. जिमवाला हे तपासणार आहे का?