मदत हवी आहे: डीबीएलपीवर एकाच नावाचे संशोधक वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करायची आहे, म्हणून गाइड होऊ शकतील अशा प्राध्यापकांचे पेपर डीबीएलपीवर शोधतेय. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली कॉम्प्युटर सायन्समधल्या पेपरांची ही ऑनलाइन सूची फुकट आहे आणि खरंच उपयोगी आहे.

अडचण आपल्या नावांची. नुसतं ‘एस. पाटील’ टाकून बघा! नावापुढे ०००१, ०००२ असे आकडे असले की माणसं वेगळी कळतात. पण क्रमांक नसलेल्या पानावर क्रिप्टोग्राफीचा पेपर आणि त्याच्याखाली पिकांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा पेपर. दोघं एकच की वेगळे?

बायकांच्या बाबतीत तर आणखी गुंता. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. दोन्ही नावं जोडलेली नसतील तर त्यांचं निम्मं काम दिसतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

सध्या सहलेखक ताडून पाहते, ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा ORCID नंबर) असेल तर तोही उघडते. ऑर्किड नसेल तर तुम्ही कशावरून ठरवता? आणि दोन नावांची पानं एकत्र करायला कुणी कळवलं आहे का? पुरावा म्हणून काय द्यावं लागलं?