मदत हवी आहे : नॅरो-ट्रॅक जिप्सीला वाइड-ट्रॅकचा पुढचा एक्सल

मंडळी, माझी १९९१ची मारुती जिप्सी, जुनी ९७० सीसीची, नॅरो-ट्रॅक. राहतो वाळपईला. परवा पुढच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) नट उघडला तर ऑइलच्या जागी दुधाळ चहा! ओहोळ ओलांडायची हौस नडली. आत पिनियनचे, म्हणजे छोट्या गिअरचे, दोन दात उडालेत, हाउसिंगही गंजलंय.

फोंड्याला एका भंगारवाल्याकडे १३०० सीसीच्या जिप्सीचा अख्खा पुढचा एक्सल मिळतोय, डिस्क ब्रेकसकट. पण तो वाइड-ट्रॅकचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर ९० मिमी जास्त. मेस्त्री म्हणतो, "घाल रे, बसता." त्याला सगळंच बसतं.

माझी खरी भीती रेशोची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे फिरतो त्याची. पुढचा-मागचा रेशो जुळला नाही तर फोर-व्हीलमध्ये ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) काय होईल सांगायला नको. भंगारवाल्याकडे दोन्ही चाकांचे हब एकत्र एक फेरा फिरवून फ्लँजचे (प्रोपेलर शाफ्ट जोडतात ती चकती) फेरे मोजणार आहे, पण ९७० आणि १३००चा रेशो एकच आहे का, हे कुणी दात मोजून पाहिलंय?

शिवाय स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक जागेवर येते की वेल्डिंग करावं लागतं? प्रोपेलर शाफ्टची फ्लँज, ब्रेकचे होज जुळतात? मागचा नॅरोच ठेवला तर चिखलात चाकं वेगवेगळ्या चाकोऱ्यांतून जाणार, ते चालवून पाहिलंय कुणी? की दोन्ही एक्सल एकदमच बदलू?

चतुर्थीआधी गाडी धावती करायचीय.