जुने नाशिक, क्लस्टर आणि 'बिल्डर सगळं बघून घेईल'

गोदाकाठ: काल इथेच एकाने लिहिलं, "गावठाणात क्लस्टर करा, म्हणजे बरेच वाडे एकत्र पाडून नव्याने बांधा, बिल्डरला चार एफएसआय (भूखंडाच्या चौपट बांधकाम) द्या, पडके वाडे आपोआप जातील." आपोआप? दहीपुलाच्या आतल्या बोळांत कधी शिरलात का? एका प्रॉपर्टी कार्डावर डझनभर वारस, त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. वर भाडेकरू, खाली दुकान. या सह्या बिल्डर गोळा करणार? तो मेनरोडलगतचा तुकडा उचलेल आणि बोळातला वाडा कुजत राहील. शिवाय गोदावरीची पूररेषा आहेच. 2008 च्या पुरात सराफ बाजारात पाणी होतं. पालिकेने आधी संक्रमण घरं (नवं घर मिळेपर्यंत राहायची तात्पुरती घरं) बांधावीत, लोकांना लेखी हमी द्यावी, मग खासगी पैसा बोलवावा.

विकासप्रेमी: तो "एकाने" मीच. मुंबईचा भेंडीबाजार बघा. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती. कोणी केलं? पालिकेने?

गोदाकाठ: एका समाजाच्या ट्रस्टने, नफ्यासाठी नव्हे. 2009 पासून चाललंय आणि अजून संपलेलं नाही. आपल्याकडे असा ट्रस्ट कोण काढतोय, तुम्ही?

त्रस्त_मालक: सगळे एफएसआयवर बोलताय, भाड्यावर कोणी बोलत नाही. आमच्या वाड्यात भाडं महिना तीस रुपये. दर पावसाळ्यात पालिकेची धोकादायक इमारतीची, कलम 264 ची नोटीस मात्र माझ्या नावाने. कौलं मी बदलायची, भिंत पडली तर गुन्हा माझ्यावर. त्या तीस रुपयांत पत्र्याचा एक खिळासुद्धा ठोकून होत नाही.

बोळातली_ताई: 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ आहे. मागितली कधी?

त्रस्त_मालक: तीस रुपयांचे चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. धन्यवाद ताई, लगेच घर बांधायला घेतो.

बोळातली_ताई: टोमणे पुरे. माझ्या सासऱ्यांनी पागडी, म्हणजे भाड्याच्या जागेसाठी मालकाला एकरकमी पैसे, मोजली होती, त्याची पावती नाही. शेजारचा वाडा पाडताना "नव्या इमारतीत तेवढीच जागा देऊ" असं तोंडी ठरलं. कायद्यातही तेच आहे. इमारत उभी राहिली, तळाला शोरूम आलं, भाडेकरू लांब सिडको वसाहतीत भाड्याने राहतायत. म्हणून आम्ही सही करत नाही. मरायची हौस नाही आम्हाला.

त्रस्त_मालक: म्हणजे सगळे मालक चोर?

बोळातली_ताई: सगळे म्हटलं का मी? लागलं कुठे तरी!

स्मार्टरोडग्रस्त: स्मार्ट सिटीवर कोणीच कसं बोलत नाही? त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ, जेमतेम किलोमीटरभर रस्ता, त्यात दुकानदारांचे किती हाल झाले! आणि मखमलाबादला शेतकऱ्यांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं सुचलं यांना.

विकासप्रेमी: विषय क्लस्टरचा आहे हो.

स्मार्टरोडग्रस्त: विषय भरवशाचा आहे.

विकासप्रेमी: बरं. संक्रमण घरं आधी हवीत, इतकं मान्य. पण बांधायला पैसा कुठून आणणार? पालिका 2027 च्या कुंभातून मान वर काढेल तेव्हा ना. गोदाकाठच्या काझीगढी टेकाडाची माती दर पावसाळ्यात सुटते, तिथल्या लोकांना काय सांगायचं, हमीपत्राची वाट बघा?

गोदाकाठ: पालिकेच्या मोकळ्या भूखंडांपैकी एकावर बिल्डरकडूनच आधी घरं बांधून घ्या. ताबा दिल्यावरच त्याला वाढीव एफएसआय द्या.

त्रस्त_मालक: आणि तोवर कौलं कोण बदलणार?

बोळातली_ताई: निम्मे पैसे आम्ही भाडेकरू देऊ. पण पावती लागेल. भाड्याचीही, मागच्या सगळ्या वर्षांची.

त्रस्त_मालक: झालं, आता पावत्यांचा वेगळा धागा काढा.